अंगावरून वारे गेल्यावर

कुणाचा हातपाय एकाएकी लुळा पडला, की आपल्याकडे "आंगावरसून वारो गेलो" असे म्हणतात. कोणी लकवा म्हणतात, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. नावात वारा आहे, पण ह्या दुखण्याचा वाऱ्याशी काही संबंध नाही. समुद्रावरच्या वाऱ्याशी नाही आणि उघड्यावर निजण्याशीही नाही. बिघाड होतो तो डोक्यात, मेंदूत. मेंदूला रक्त पोचवणारी एखादी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मग मेंदूचा तेवढा भाग मरतो. मेंदूची डावी बाजू उजव्या हातापायाला हुकूम देते आणि उजवी बाजू डाव्याला. म्हणून बहुधा अंगाची एकच बाजू जाते.

तीन वर्षांमागे ही पाळी आमच्यावर आली. सकाळी पडवीत बसून आम्ही पेज पीत होतो. हातातली वाटी सुटली. उचलायला गेलो, तर उजवा हात उठेना. तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. शेजारी धावून आले. एकाने पाणी पाजायला घेतले, दुसऱ्याने तेल गरम करायला ठेवले. कोणी तरी झाडपाला देणाऱ्याला आणायला गेले. सगळ्यांनी मायेनेच केले, पण त्यात दुपार झाली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, उशीर झाला. गुठळी विरघळवायचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते."

एवढी वर्षे आम्ही मुलांना घड्याळ शिकवले, आणि नेमके आमचेच घड्याळ चुकले! तेव्हा तुम्ही हे ध्यानात ठेवा. तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी एकाएकी दिसले तरी लगेच १०८ ला फोन करा. किती वाजता सुरू झाले ते सांगा. पाणी, पेज, औषध काही तोंडात घालू नका. गिळता येत नसले तर ते फुप्फुसात जाते. नळी बंद झाली आहे की फुटली आहे, हे डोक्याचा स्कॅन काढल्यावरच कळते. म्हणून घरचा इलाज करत बसू नये.

आम्ही घरी आलो. सगळे डाव्या हाताने करू लागलो. सौ. भरवीत असे. उजवा हात मांडीवर पडून राही, जणू दुसऱ्या कुणाचा. एके दिवशी व्यायामोपचार करणाऱ्या बाई आल्या. हात पाहून म्हणाल्या, "गुरुजी, हात मेलेला नाही. त्याच्याकडे हुकूम पोचत नाही."

हे नीट समजून घेऊ या. पाणंदीत झाड आडवे पडले, की आपण बाजूच्या गवतातून जातो. पहिल्या दिवशी काटे टोचतात. पण रोज शंभर माणसे गेली की तिथे पायवाट पडते. कोणी गेलेच नाही, तर गवत वाढते. मेंदूचे तसेच आहे. मेलेल्या भागाचे काही काम जिवंत भाग शिकून घेतो. मात्र त्यासाठी हात पुन्हा पुन्हा, स्वतःच्या मनाने हलवावा लागतो. तेल चोळल्याने बरे वाटते, आम्हालाही वाटले. पण त्यात मेहनत चोळणाऱ्याची होते, आपला मेंदू काही शिकत नाही.

अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी माकडांवर प्रयोग केले. एका हाताची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा कापल्या, की माकड तो हात वापरणेच सोडून देई. चांगला हात बांधून ठेवला, की तोच टाकलेला हात ते वापरू लागे. म्हणजे न वापरण्याचीही सवय लागते. पुढे हा उपाय माणसांवर करून पाहिला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २२२ रुग्ण होते. त्यांना झटका येऊन तीन ते नऊ महिने झाले होते. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला आणि सगळी कामे दुबळ्या हाताने करायला लावली. त्यांचा हात दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारला. ज्यांचे मनगट व बोटे थोडी तरी आपणहून उघडतात, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. तोही विचारूनच करावा. चालताना, विहिरीवर, चुलीपाशी हात बांधू नये.

ज्यांचा हात मुळीच हलत नाही, त्यांना आरसा उपयोगी पडतो. दोन हातांच्या मधे आरसा उभा धरायचा. लुळा हात आरशामागे ठेवून चांगला हात हलवायचा आणि आरशात पाहायचे. दोन्ही हात हलत आहेत, असे मेंदूला वाटते. भारतात जन्मलेले डॉ. विलायनूर रामचंद्रन यांनी ही युक्ती आधी हात तुटलेल्यांच्या वेदनेसाठी काढली होती.

मुंबईत हाजीअलीजवळ ह्या कामाची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. पण मालवणहून दर आठवड्याला मुंबईला कोण जाणार? ओरोस किंवा बांबोळीला दाखवावे आणि शिकून घरी करावे. तरी एक गोष्ट लपवू नये. २०१७ साली भारतातल्या १४ इस्पितळांतल्या १२५० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. घरच्या माणसाला व्यायाम शिकवून पाठवले, तेवढ्याने सहा महिन्यांनी वेगळा फरक दिसला नाही. आमच्या मते एकदा शिकून भागत नाही, पुन्हा पुन्हा जाऊन दाखवावे लागते.

घरच्यांनी आणखी जपावे. माणसाला लुळा हात ओढून उठवू नये, खांदा निखळतो. बसताना त्या हाताखाली उशी द्यावी. निजून असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी. पहिल्या चोवीस तासांत जबरदस्तीने चालवू नये. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडू नये, नाही तर झटका पुन्हा येतो. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत भरभर होते, नंतर हळू. पण थांबतेच असे नाही.

आम्ही एका करवंटीतल्या सुपाऱ्या दुसरीत टाकत असू. पहिल्या दिवशी पाव तासात तीन पडल्या. रागाने करवंटी भिरकावली, तीही डाव्या हाताने! मग पाटी घेतली. आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकलेली एक मासे विकणारी बाई रोज संध्याकाळी येई. पाटीवर ती 'अ' काढून देई आणि म्हणे, "गुरुजी, आता तुमी गिरवा, मी बगतंय." पेन्सिल धरताना पहिल्यांदा बोटे कशी आखडतात, हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. 'अ' सरळ यायला पाच आठवडे लागले.

हा धडा आम्ही उजव्या हाताने लिहिला आहे. 'ळ' अजून वाकडा येतो. छापखान्यात तो नीट लावून घेतील.