आजीची गोष्ट पुस्तकात येते तेव्हा

मैत्रिणींनो, गटाच्या पैशाची नोंद आपण पै-पैशाने ठेवतो. पण पाड्यावरच्या आज्यांना ज्या गोष्टी पाठ आहेत, त्यांची नोंद कुठेच नाही. आजी गेली की गोष्टही जाते. म्हणून या वेळचा धडा गोष्टींचा.

आधी एक उदाहरण बघू. दुर्गाबाई व्याम या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या, परधान गोंड समाजाच्या. परधान म्हणजे बाणा वाजवत गोंडांच्या कथा गाणारे लोक. सणासुदीला, लग्नकार्यात भिंतीवर आणि जमिनीवर काढायची डिगना ही नक्षी दुर्गाबाई आपल्या आजीकडून शिकल्या. पुढे भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्यासोबत त्यांनी ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक केलं. त्यात झाडांच्या गोंड कथा आणि चित्रं आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने ते २००६ साली छापलं. तिन्ही कलाकारांची नावं पुस्तकावर आहेत. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे बघा. वारली चित्रं कपावर, साडीवर, पिशवीवर सगळीकडे दिसतात. काढणारीचं नाव किती ठिकाणी असतं? गोष्टींचं तसं होऊ द्यायचं नसेल तर गटाने एवढं करावं:

१. आधी आजीला विचारा. काही कथा पूजेच्या असतात, काही गाणी लग्नात धवलेरीनेच म्हणायची असतात. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा.

२. गोष्ट तिच्याच बोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करा. मध्ये टोकू नका.

३. सांगितली तशीच लिहून काढा. शेवटी आपल्या पदरचं तात्पर्य जोडू नका.

४. खाली आजीचं नाव, गाव, बोली आणि तारीख लिहा.

५. अंगणवाडीत वाचून दाखवा, चित्रं मुलांना काढू द्या. घरची बोली ऐकली की गप्प बसणारं पोरही बोलायला लागतं.

६. बाहेरचं कोणी गोष्ट छापायला मागितली तर आजीचं नाव, मोबदला आणि गावाला किती प्रती देणार, हे लेखी घ्या. बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा.

बैठकीत चर्चा करा:
• आपल्या गावात गोष्टी सांगणाऱ्या आज्या कोण कोण आहेत?
• पुढच्या बैठकीआधी कोणती ताई कोणत्या आजीकडे जाणार?