कर्ज काढलंस का?

मिरज

चि. निखिल,

सुमनमावशींचा धाकटा तुला बंगळूरला गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात भेटला होता ना? तो इथे सांगून गेला की तू पाच लाखांचं पर्सनल लोन उचललंयस आणि पायथनचा प्रोग्रॅम लावून फ्युचर-ऑप्शन करतोयस. वहिनींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, कानावर मी काही घातलेलं नाही. आधी एवढंच कळव, कर्ज काढलंस का?

प्रोग्रॅमशी माझं वैर नाही. आकडे हाताळणारं पायथनचं पांडास मला तूच दिवाळीत शिकवलंस. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून महागाईचे आकडे उतरवून आलेख काढणं हा माझा दुपारचा उद्योग झालाय. वेस मॅकिनीने पांडास २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत असताना लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी जगाला खुलं केलं. पण बाळा, खुलं ते सगळ्यांनाच खुलं. झिरोधा या ब्रोकरची पायकाइटकनेक्ट ही पायथन लायब्ररी तुझ्या एचएसआर लेआउटमधला कुणीही पोरगा उतरवून घेऊ शकतो. मग तूच जिंकणार, हे कशावरून?

तू पाठवलेली तुझ्या कोडची नोटबुक मी ओळ न् ओळ वाचली. चाचणी २००७ पासूनची आणि यादी मात्र आजच्या निफ्टीची! त्यात सत्यम कुठे आहे? ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष राजू यांचं हिशोब फुगवल्याचं कबुलीपत्र आलं आणि तो शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त पडला. निफ्टीतूनही लगेच गेला. बुडालेले आधीच वगळलेस तर नफा दिसणारच. शिवाय बंद भाव बघून निर्णय घ्यायचा आणि खरेदीही त्याच भावाला? खरेदी एक दिवस पुढे ढकलणारं शिफ्ट घालायचं राहिलंय. दलाली, एसटीटी कर यांचा तर पत्ताच नाही. आणि असल्या हिशोबावर कर्ज?

मोठमोठेही चुकतात. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या निबंधात एक्सेलच्या सरासरीतून पाच देश सुटले होते. २०१३ मध्ये ते उघडकीला आणलं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने, तेही मूळ फाइल हातात आल्यावर. खुलेपणाचा फायदा हाच. पैसा लावण्याआधी कोड चार जाणत्यांना दाखव, चुका काढायला सांग.

सेबीने २०२४ मध्ये आकडे दिलेत. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींवर. त्यातले सगळेच काही मूर्ख नसतील. स्वतःच्या पगारातले हजार-दोन हजार गेले तर शिकवणीची फी समजू. कर्जाचा हप्ता मात्र बाजार बघून येत नाही.

मी सारखा तेच का विचारतोय, सांगतो. ९२ साली दादाने, तुझ्या बाबांनी, पतपेढीचं कर्ज काढून शेअर घेतले होते. एप्रिलमध्ये शेअर बाजारातला घोटाळा बाहेर आला, बाजार कोसळला. दादाने स्कूटर विकली, म्हणाला, सायकल तब्येतीला बरी. आम्ही एकाच खोलीत झोपायचो. त्याला झोप नाही, हे मला दिसत होतं. पण थोरल्या भावाला कसं विचारायचं, म्हणून गप्प राहिलो. सगळे हप्ते त्याने एकट्याने फेडले. आता विचारायला तो नाही.

म्हणून तुला विचारतोय. तुझी हुशारी मला ठाऊक आहे, खरं तर थोडा हेवाच वाटतो. आम्हाला तुझ्या वयात असं काही हाताशी मिळालं असतं तर आम्हीही रात्र-रात्र जागलो असतो. जाग, पण जेवत जा वेळेवर.

शनिवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघून ये. लॅपटॉप आण, त्या नोटबुकमध्ये सत्यम घालून बघू. कर्ज नसेल तर उत्तमच. असेल तर माझी ठेव आहे, ती मोडू आणि बँकेचं देणं आधी मिटवू. मला सवडीने परत कर, व्याज नको. वहिनींना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. घाबरू नकोस. ओरडायचं होतं ते वर ओरडून झालं.

तुझा,
बाळूकाका