राष्ट्रीय उद्यानांतून मोटरसायकलने : सामुदायिक प्रवासाची आखणी

एकट्याने मोटरसायकलवरून निघालेल्या प्रवाशाला मनात येईल तेथे थांबता येते आणि मनात येईल तेथून परतता येते. आठ-दहा जणांच्या समूहाला हे स्वातंत्र्य नसते. एकाचे चाक पंक्चर झाले की सर्वांना थांबावे लागते. एकाला उशीर झाला की सर्वांना अंधार गाठतो. अशा समूहाचा मार्ग राष्ट्रीय उद्यानांतून जात असेल तर आणखी एका पक्षाचा विचार करावा लागतो. तो पक्ष म्हणजे अरण्य आणि त्यातील प्राणी. प्रवाशांच्या वेळापत्रकाशी त्यांना काही कर्तव्य नसते. म्हणून या प्रवासाची आखणी म्हणजे मुक्कामांची नुसती यादी नव्हे. वेळ, इंधन, अंगातील शक्ती आणि पुढचा रस्ता या चारही बाबतींत माघार घेण्यापुरती सवड शिल्लक ठेवणे, हे तिचे खरे प्रयोजन होय.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उद्यानातून मोटरसायकलने जाणे याचा अर्थ वनातील कच्च्या वाटांवर हिंडणे असा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये राष्ट्रीय उद्यानात शिरण्यास परवानगी लागते, आणि पर्यटनासाठी खुल्या केलेल्या भागातही दुचाकीला सहसा प्रवेश दिला जात नाही. काही उद्यानांतून सार्वजनिक रस्ते जातात. मोटरसायकलस्वाराचा अधिकार त्या रस्त्यापुरता असतो. उद्यानाचे अंतरंग पाहावयाचे असल्यास मोटरसायकल बाहेर ठेवून वनखात्याच्या वाहनाने, नावेने किंवा वाटाड्याबरोबर पायी जावे लागते. आखणी करताना या दोन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र वेळ राखावा.

मार्गाची निवड

उदाहरणादाखल दक्षिणेतील एक मार्ग घेऊ. बेंगळुरूहून निघून म्हैसूर, बंदिपूर, मुदुमलै व उटी; तेथून मेट्टुपाळयमला उतरून कोइंबतूर, पोल्लाची, उडुमलपेट; पुढे चिन्नार, मुन्नार व तेक्कडी; आणि परतताना थेनी, दिंडुक्कल व सेलम या सपाट रस्त्याने पुन्हा बेंगळुरू. एकूण अंतर सुमारे 1,150 किलोमीटर भरते. बंदिपूर हे 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात समाविष्ट झालेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. त्याला लागून तमिळनाडूतील मुदुमलै. ही दोन्ही अरण्ये 1986 साली घोषित झालेल्या निलगिरी जीवावरण क्षेत्राचे घटक असून, 5,520 चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अशा प्रकारचे देशातील पहिलेच होते. मार्गाच्या शेवटी मुन्नारजवळ एरविकुलम आणि तेक्कडीला पेरियार ही केरळातील उद्याने आहेत. दाट रान, चहाचे मळे, उंच गवताळ माथे आणि पर्जन्यछायेतील काटेरी झुडपे, असे निसर्गाचे चार प्रकार एका आठवड्यात नजरेखालून जातात.

या मार्गावर तीन राज्ये आणि तीन वनखाती लागतात. नियमही तिन्हींकडे वेगवेगळे असतात. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकींना बंदी करण्यात आली; मोटरसायकलस्वारांना बाजूच्या सेवामार्गाने जावे लागते व वेळ अधिक लागतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे 2024 पासून उटीला जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांसाठी ई-पासची पद्धत सुरू झाली. असे नियम बदलतही असतात. म्हणून निघण्यापूर्वी एका सदस्याने प्रत्येक ठिकाणची ताजी माहिती मिळवून ती कागदावर उतरवावी. कन्नड, तमिळ किंवा मल्याळम यांपैकी एक तरी भाषा जाणणारा कोणी समूहात असल्यास तपासणी नाक्यावर आणि गॅरेजात त्याचा उपयोग कळून येतो.

महिना कोणता?

ऋतूचा विचार वजाबाकीने करावा. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी पाऊस केरळाच्या घाटांत दरडी खाली आणतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूतील ईशान्य मोसमी पावसाचा काळ. निलगिरीचा मेट्टुपाळयमकडील उतार तेव्हा धोक्याचा असतो. फेब्रुवारीपासून बंदिपूर व मुदुमलैची पानगळीची राने वाळू लागतात आणि वणव्यांची भीती सुरू होते. फेब्रुवारी 2019 मध्ये बंदिपुरात मोठा वणवा लागला होता. शिवाय निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या माद्यांच्या विण्याच्या काळात, साधारणपणे फेब्रुवारी व मार्च हे दोन महिने, एरविकुलम पर्यटकांना बंद असते. एप्रिल व मे महिन्यांत उटीचे रस्ते सुटीच्या गर्दीने भरून जातात.

उरतो तो जानेवारी. त्यातही महिन्याच्या मध्यास पोंगलची गर्दी असते, आणि शबरीमलैच्या यात्रेकरूंची वर्दळ तेक्कडीजवळच्या कुमिळीच्या रस्त्यावर याच सुमारास वाढते. या साऱ्यांतून जानेवारीचे शेवटचे दहा दिवस तेवढे निवांत हाती लागतात. नीलकुरिंजीचा बहर पाहण्याची इच्छा असल्यास मात्र हिशेब निराळा होईल. आपल्या सह्याद्रीतील कारवीच्या कुळातलीच ही वनस्पती बारा वर्षांतून एकदा फुलते. मुन्नारच्या माथ्यांवर ती 2006 व 2018 साली फुलली होती. ते फूल पावसाळ्यात येते, तेव्हा पावसाची जोखीम पत्करावीच लागते.

दिवसाचे अंतर

समूहाच्या प्रवासात अंतर किलोमीटरने मोजून भागत नाही. ते उजेडाच्या तासांनी मोजावे लागते. जानेवारीच्या अखेरीस या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो व सव्वासहाच्या पुढेमागे मावळतो, म्हणजे सुमारे साडेअकरा तासांचा उजेड मिळतो. आता म्हैसूर ते उटी हा गुडलूरमार्गे सुमारे 160 किलोमीटरचा टप्पा पाहावा. गुंडलुपेटपर्यंतच्या 60 किलोमीटरना दीड तास, गुंडलुपेट ते गुडलूर या मुख्यतः रानातल्या सुमारे 50 किलोमीटरना दोन तास, आणि पुढच्या 50 किलोमीटरच्या चढणीला आणखी दोन तास धरले, तर साडेपाच तास केवळ चालविण्यात जातात.

यात समूहाचा वेळ मिळवावयाचा असतो. एका मोटरसायकलला पेट्रोल भरण्यास तीन मिनिटे लागत असतील तर आठांना चोवीस मिनिटे लागतात. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन विश्रांती, जेवणाचा एक तास आणि नाक्यांवरील तपासणीचा अर्धा तास धरला म्हणजे आणखी तीन तास झाले. यावर पंक्चर, पाऊस किंवा रस्त्यात उभा राहिलेला हत्ती यांसाठी दोन तास राखून ठेवावेत. बेरीज साडेदहा तासांची होते. सकाळी सातला निघालेला समूह सायंकाळी साडेपाचला, उजेड असतानाच, उटीस पोहोचतो. ज्या अंतरास मोटरगाडीतील कुटुंब अर्धा दिवस देते, ते आठ मोटरसायकलींचा पूर्ण दिवस घेते. म्हणून घाट व अरण्य असलेल्या दिवशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरची मर्यादा ओलांडू नये, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक दिवस न चालविण्याचा ठेवावा. या हिशेबाने वरील प्रवासास दहा दिवस लागतात; त्यांत उटी, मुन्नार व तेक्कडी येथील तीन दिवस विश्रांतीचे व उद्याने पाहण्याचे असतात.

इंधनाचा हिशेबही सर्वांत लहान टाकीवरून करावा. एखाद्याच्या टाकीत 11 लिटर पेट्रोल मावत असेल आणि लिटरला 35 किलोमीटर मिळत असतील, तर कागदावर 385 किलोमीटर होतात. परंतु चढण व खालचे गिअर ध्यानात घेऊन त्यांपैकी अडीचशेच आपले समजावेत. अरण्यात शिरण्यापूर्वीच्या शेवटच्या गावी, तहान असो वा नसो, सर्वांनी टाक्या भरून घ्याव्यात.

समूहाची रचना

सहा ते आठ मोटरसायकलींचा समूह सोयीचा असतो. संख्या याहून अधिक असल्यास दोन तुकड्या कराव्यात. सर्वांत पुढे मार्ग जाणणारा, संथ हाताचा चालक असावा. सर्वांत शेवटी अनुभवी आणि हत्यारे वापरू शकणारा चालक असावा, कारण बंद पडलेले वाहन त्याच्याच पुढे सापडते. पुढाऱ्याच्या मागोमाग सर्वांत नवख्या चालकाला ठेवावे, म्हणजे समूहाचा वेग आपोआप त्याच्या वेगावर ठरतो. नवखा मागे पडला तर बरोबरी साधण्यासाठी तो आपल्या कुवतीबाहेर वेग घेतो, आणि अपघात अशाच वेळी घडतात.

अरण्यात भ्रमणध्वनी अनेकदा चालत नाही. तेव्हा जुना नियमच कामी येतो: प्रत्येकाने आरशात आपल्या मागचा सोबती पाहावा, आणि जेथे रस्ता फुटतो तेथे मागचा दिसेपर्यंत थांबावे. मात्र अरण्यात वाटेत थांबण्यास मनाई असल्याने भेटीच्या जागा आधीच ठरवाव्यात. उदाहरणार्थ गुंडलुपेट गाव, तेप्पकाडु येथील हत्तींच्या तळाजवळची वाहने लावण्याची जागा आणि गुडलूर.

अरण्यातील रस्ता

बंदिपुरातून जाणाऱ्या दोन राष्ट्रीय महामार्गांवर 2009 साली रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळेत वाहतूक बंद करण्यात आली. रात्री वाहनांखाली प्राणी मरत, हे त्याचे कारण होते. 2010 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ही बंदी उचलून धरली. रुग्णवाहिका व मोजक्या बसगाड्या यांना मात्र मुभा राहिली. या बंदीची झळ वायनाडच्या लोकांना बसते. आपला शेतमाल आणि आपली माणसे रात्री अडकून पडतात, ही त्यांची तक्रार असून 2019 साली सुलतान बत्तेरी येथे तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. ज्या रस्त्यासाठी स्थानिक रहिवाशांनी आपल्या सोयीचा त्याग केला आहे, त्यावर सहलीसाठी आलेल्या प्रवाशाने घाईचे निमित्त सांगणे शोभत नाही. शिवाय रस्ता सहाला खुला होत असला तरी सूर्य पाऊण तासाने उगवतो. त्या वेळेत गवे व हत्ती रस्त्याच्या कडेलाच असतात. परवानगी आहे म्हणून त्या वेळी निघणे शहाणपणाचे ठरत नाही.

हत्ती रस्त्यावर दिसताच दूर थांबावे. कर्णा वाजवू नये, इंजिनाचा आवाज चढवू नये, छायाचित्रासाठी पुढे जाऊ नये आणि कळपातील दोन हत्तींमधून वाट काढू नये. येथे मोटरसायकलस्वाराची एक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. मोटरसायकलीला सहसा मागे जाण्याचा गिअर नसतो. ती वळवूनच परतवावी लागते. मागचे सात जण पुढाऱ्याच्या चाकाला चाक लावून उभे राहिले, तर संकटाच्या क्षणी त्याला वळण्यास जागाच उरत नाही. म्हणून अरण्यात दोन वाहनांत चार-पाच वाहनांच्या लांबीहून कमी अंतर कधीही ठेवू नये, आणि पुढाऱ्याने हात वर करताच प्रत्येकाने जेथल्या तेथे थांबावे. ही खूण निघण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळा घोटून घ्यावी. वानरांना खाऊ घालणे हे दिसावयास भूतदयेचे, पण परिणामी घातक कृत्य आहे. त्यामुळे प्राणी रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली सापडतात.

घाट आणि थंडी

तेप्पकाडुहून मसिनगुडीमार्गे उटीला जाणारा कल्हट्टीचा घाट अंतराने जवळचा आहे. परंतु त्यात 36 हेअरपिन वळणे असून चढ फार तीव्र आहे. उतरताना ब्रेक तापून निकामी झाल्याने तेथे अनेक अपघात झाले आणि बाहेरच्या वाहनांवर निर्बंधही घालण्यात आले. समूहाने गुडलूरचा लांबचा रस्ताच पसंत करावा. उटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर आहे; तेथून मेट्टुपाळयमला येताना सुमारे 1,900 मीटर उतरावे लागते. ज्या गिअरमध्ये चढता आले असते त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेक सतत दाबून धरू नयेत, आणि वळणावर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. जानेवारीत उटीला पहाटे दंव गोठते, तर दुपारी उडुमलपेटच्या मैदानात अंग भाजते. एका जाड कोटाऐवजी एकावर एक घालता व काढता येतील असे कपडे म्हणूनच बरे. हेल्मेट चालकाला आणि मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे.

सामान थोडेच असावे: क्लचची जादा तार, स्पार्क प्लग, ट्यूब व पंप, प्रथमोपचाराची पेटी, दोन दिवसांची औषधे. परवाना, नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात. आपत्काली 112 हा क्रमांक तिन्ही राज्यांत चालतो.

माघारीचा अधिकार

उडुमलपेटहून चिन्नारच्या अरण्यातून मुन्नारकडे चढणारा सुमारे 85 किलोमीटरचा रस्ता या प्रवासातील सर्वांत मोहक भाग. पर्जन्यछायेतील उघड्या रानातून निघून, मरयूरची चंदनाची झाडे मागे टाकीत, चहाच्या मळ्यांत तो शिरतो. समोर 2,695 मीटर उंचीचे अनैमुडी शिखर, हिमालयाच्या दक्षिणेकडचे सर्वोच्च, उभे असते. एवढ्या जवळ आल्यावर, ऊन कलले असतानाही, पुढे जाण्याचा मोह होतो.

अशा वेळी निर्णय कोणी करावयाचा हे घरून निघतानाच ठरलेले असावे. पुढे जाण्यास सर्वांची संमती लागावी. थांबण्यास मात्र एकाचे म्हणणे पुरेसे असावे, मग तो समूहातील सर्वांत नवखा का असेना. ‘मी थकलो आहे’ असे बोलण्याची लाज वाटणार नाही, असे वातावरण ज्या समूहात असते तो समूह सुखरूप परततो. प्रत्येक टप्प्यावर परतीचे एक गाव आणि एक वेळ नोंदलेली असावी. ती वेळ टळल्यास पुढचा मुक्काम रद्द समजून त्या गावी राहावे. एखादे उद्यान पाहावयाचे राहिले तर ते पुढच्या जानेवारीतही पाहता येईल.