डब्याच्या आतलं ऊन

पोरी, राजुऱ्याच्या मे महिन्यात लेझर सेन्सरचं रीडिंग सरकलं, की लगेच दुरुस्तीचा आकडा टाकायला धावू नकोस. आधी नेमकं काय सरकलं ते शोध. इलेक्ट्रॉनिक्स, क्रिस्टल, हवा की ज्याला सेन्सर टांगलाय ते लोखंड? चौघांचे उपाय चार आहेत.

आपल्याकडे सावलीतच ४६-४७ अंश होतात, अन् थंडीत पहाटे पारा १० च्या आसपास उतरतो. सास्तीच्या खाणीकडे काय किंवा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांकडे काय, उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या डब्यात याहूनही जास्त तापतं. उपकरण बनवणाऱ्याने खोलीतल्या २५ अंशांवर जुळवून दिलेलं असतं. मधला सगळा फरक आपल्याला सांभाळायचा आहे.

हा फरक एवढा का बोचतो ते आधी डोक्यात पक्कं कर. उजेडाला एक मिलिमीटर जाऊन परत यायला सुमारे ६.७ पिकोसेकंद लागतात. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. ॲम्प्लिफायर आणि कम्पॅरेटर तापून ३० पिकोसेकंद उशिरा बोलले, की साडेचार मिलिमीटर अंतर जास्त दिसतं. समोरची भिंत मात्र जागची हललेली नसते.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. दोन टार्गेट लाव, एक दोन-तीन मीटरवर आणि एक लांब, पन्नास मीटरच्या आसपास. सेन्सर आणि दोन्ही टार्गेट पक्क्या काँक्रीटवर, टार्गेट सारख्याच राखाडी रंगाची. सकाळी आणि भर दुपारी दोन्हींची रीडिंग घे. जवळच्याला आणि लांबच्याला चूक सारखीच आली, तर दोष इलेक्ट्रॉनिक्सच्या उशिरात आहे. तो ऑफसेटनं जातो. अंतराबरोबर चूक वाढत गेली, तर क्रिस्टल किंवा हवा. साधा क्रिस्टल दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे होतो, म्हणजे पन्नास मीटरला एक मिलिमीटर. तिथं तापमान-भरपाईचा, ज्याला आपण टीसीएक्सओ म्हणतो, तो बसव. तो एक-दोन भागांत राहतो. हवेचं म्हणशील तर एका अंशाला साधारण दहा लाखांत एक भाग. गरम हवा विरळ, उजेड किंचित लवकर येतो, अंतर किंचित कमी दिसतं. पाच मीटरच्या कामात हवेकडे बघूसुद्धा नकोस. पन्नास मीटरला तीस अंशांचा फरक पडला तर मात्र दीड मिलिमीटर होतो, तेव्हा हिशेबात धर.

सगळ्यात खोडकर भाग म्हणजे उजेड टिपणारा ॲव्हलान्श फोटोडायोड. त्याला व्होल्टेज तेवढंच ठेवलं आणि तो तापला, की त्याचा गेन उतरतो. सिग्नल बारका झाला की ठरलेली पातळी गाठायला त्याला जरा जास्त वेळ लागतो, अन् अंतर वाढलेलं दिसतं. थंडीत उलटं. गेन चढतो, गोंगाट वाढतो, डायोड बिथरतो. म्हणून तापमानाबरोबर बायस, म्हणजे त्याला दिलेलं हे व्होल्टेज, वाढवायचा. बऱ्याच सिलिकॉन डायोडना एका अंशाला अर्धा ते एक व्होल्ट लागतो, पण हा आकडा माझ्या तोंडून ऐकून वापरू नकोस. हातातल्या डायोडच्या डेटाशीटमधून घे. हे बायसचं काम नीट झालं, की पुढची निम्मी डोकेदुखी उरत नाही असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअरमध्ये आकडे वजा करत बसण्यापेक्षा गेन जागेवर ठेवणं केव्हाही चांगलं.

लेझर डायोडही तापला की जास्त करंट मागतो, म्हणून त्याच्यात मॉनिटर फोटोडायोड असेल तर त्यावरून पॉवर बांधून ठेव. रंगही सरकतो. ९०५ नॅनोमीटरवाला अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर, म्हणजे चाळीस अंशांत बारा. समोर अरुंद फिल्टर लावला असेल तर तो ऊन अडवता अडवता आपलाच उजेड अडवेल.

तापमान टिपणारा थर्मिस्टर कुठं चिकटवतेस यावर हे सगळं अवलंबून आहे. व्होल्टेज रेग्युलेटरजवळ लावलास तर तो रेग्युलेटरचं तापमान सांगेल. फोटोडायोडला खेटून लाव.

ही अक्कल आपल्या भागात जुनी आहे. हिंदुस्थानची मोठी मोजणी करणारे विल्यम लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. त्यांची शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून ताणायची आणि थर्मामीटर साखळीपाशीच ठेवायचे. दहा अंश वाढले की ती साखळी साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांबते, म्हणून प्रत्येक मापाला तापमानाची दुरुस्ती. त्यांच्यानंतर ही मोजणी चालवणाऱ्या एव्हरेस्टने कोल्बी नावाच्या इंजिनिअरच्या जोडपट्ट्या आणल्या, पितळ आणि लोखंड शेजारी शेजारी. दोन धातू कमीजास्त वाढतात, अन् त्या फरकाचाच उपयोग करून टोकाच्या खुणांमधलं अंतर कायम राखलं होतं. तापमान मोजून हिशेब करण्यापेक्षा तापमानाचा परिणाम आपोआप कटेल अशी रचना बरी, हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या सेन्सरमध्ये तेच काम आतला संदर्भ-मार्ग करतो. लेझरचा थोडा उजेड डब्यातल्या डब्यात ठरलेल्या वाटेनं त्याच फोटोडायोडवर पाडायचा, त्याचा वेळ बाहेरच्या वेळेतून वजा करायचा. दोन्ही सिग्नल एकाच ॲम्प्लिफायरमधून गेले, तर उशीर कितीही सरको, तो कटतो. फक्त आतल्या आणि बाहेरच्या सिग्नलची ताकद जवळपास सारखी ठेव. नाहीतर मघाशी सांगितलेला बारक्या सिग्नलचा उशीर कटत नाही, अन् तू उगाच क्रिस्टलवर संशय घेशील.

एवढं करून तापमानाबरोबर जी चूक उरेल तिचाच तक्ता बनव. त्यासाठी सेन्सर तापवायला ओव्हन नसेल तर थर्माकोलचा डबा आणि शंभर वॅटचा बल्ब पुरतो. सेन्सर डब्याला बांधू नकोस, तापला की थर्माकोल हलतो. खालून भोक पाडून जमिनीत घट्ट केलेल्या लोखंडी दांड्यावर धर. समोर काच नको, उघडं भोकच ठेव. बल्बचा उजेड लेन्सवर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा लाव. सेन्सर चालू करून अर्धा तास सोडून दे, तो स्वतःच्याच करंटनं तापत असतो. मग पाच-पाच अंशांनी चढव, थर्मिस्टर स्थिर झाल्याशिवाय नोंद घेऊ नकोस. चढून झालं की तसंच उतरताना परत घे. चढती-उतरती रेघ एकमेकींपासून लांब राहिली, तर घाई झाली आहे किंवा थर्मिस्टर चुकीच्या जागी आहे. गारव्याची बाजू बर्फानं करू नकोस, दव धरतं. डिसेंबरातली पहाट फुकट मिळते. आणि तक्ता ५५ अंशांपर्यंतच मोजला असेल, तर त्यापुढची रेघ अंदाजानं ओढू नकोस, तिथं इशारा दे.

आता लोखंडाचं. कोळशाच्या बंकरवर वीस मीटर उंच पोलादी सांगाड्यावर सेन्सर टांगला, की पहाटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांत तो सांगाडा सात मिलिमीटर वाढतो. सेन्सर खरंच सांगत असतो, पण लोक बोर्ड बदलतात. अशा ठिकाणी जवळच काँक्रीटवर एक कायमची खूण ठेव, शिफ्टच्या सुरुवातीला ती मोजून घे. आणि डब्यावर पांढरा पत्रा, मध्ये चार बोटं हवा. सावलीनं वाचलेले दहा अंश कुठल्याही गणितानं भरून काढलेल्या दहा अंशांपेक्षा खरे.

बोर्डवरचा फोटोडायोड किंवा लेझर बदललास, तर जुना तक्ता पुसून टाक आणि डबा-बल्ब पुन्हा काढ. प्रत्येक डायोडचा स्वभाव निराळा, एका सेन्सरचा तक्ता दुसऱ्यात कॉपी करू नकोस. वहीत सेन्सरचा नंबर, तारीख आणि डायोडचा लॉट लिहून ठेव, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तक्ता कोणत्या डायोडचा ते विचारावं लागणार नाही.