गाळाचे धरण

नांदे गाव मुळशी तालुक्यात आहे. याच तालुक्यात मुळा नदीवर मुळशीचं मोठं धरण आहे. तेव्हा धरण म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आज आपण एका निराळ्या धरणाची माहिती वाचू. त्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. असं धरण खाणीजवळ बांधतात.

उसाचा रस काढला की चिपाड उरतं. खाणीचंही तसंच आहे. तांब्याच्या खाणीतला शंभर किलो दगड फोडला, तर बहुधा एक किलोसुद्धा तांबं निघत नाही. बाकी सगळा चोथा. तो पिठासारखा बारीक दळलेला असतो आणि पाण्यात कालवलेला असतो. नदीत सोडला तर नदी नासते. शेतात सोडला तर शेत जातं. म्हणून बांध घालून त्याच्या मागे तो साठवतात. गोव्यातल्या लोखंडाच्या खाणींचा तांबडा गाळ असाच साठवला आहे. कोळशावर वीज करणारी केंद्रंही आपली राख पाण्यात कालवून अशाच बांधामागे सोडतात.

पाण्याचं धरण बहुधा एकदाच बांधतात. गाळाचं धरण मात्र वाढत जातं. गाळ वर आला की बांध उंच करावा लागतो. हे काम करायच्या रीतींपैकी दोन अशा. एक, बाहेरच्या अंगाला पक्क्या जमिनीवर भर घालून. दुसरी, आतल्या अंगाला, साठलेल्या गाळावरच भर घालून. दुसरी रीत स्वस्त पडते, पण धोक्याची आहे. ओल्या गाळावर भिंत बांधून कोण निर्धास्त झोपेल? आणि खाण बंद पडली तरी गाळ तिथंच राहतो. राखणही चालूच ठेवावी लागते.

धोका कसा येतो, ते नदीवर जाऊन पाहा. काठच्या ओल्या वाळूवर उभे राहा. वाळू टणक लागते. आता तिथंच पाय थोपटा. वाळू मऊ होते, वर पाणी येतं, पाय रुततो. वाळूचे कण एकमेकांना टेकून उभे असतात. मधल्या पाण्याचा दाब वाढला की ते टेकण सुटतं. गाळाच्या धरणात असं झालं, तर घट्ट दिसणारा डोंगर क्षणात पातळ होऊन धावू लागतो.

ब्राझील देशात ब्रुमादिन्यू गावाजवळ लोखंडाच्या खाणीचं असं धरण होतं. आतल्या अंगाला चढवत चढवत ते ८६ मीटर उंच नेलं होतं. धरण सुरक्षित आहे, असा तपासनिसांचा दाखलाही होता. २५ जानेवारी २०१९ रोजी दुपारी ते फुटलं. कामगारांची खानावळ धरणाच्या खालच्याच अंगाला होती. धोक्याचा भोंगा वाजला नाही. २७० माणसं गेली. दाखला कागदावर होता, पाणी गाळात होतं.

आपल्या राज्यात १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ खसाळा इथं राखेचा बांध फुटला. ती राख कोराडीच्या वीज केंद्राची होती. पाऊस मोठा झाला होता. राखेचा गाळ शेतात आणि नाल्यात शिरला.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला याचं काय? बांध पाण्याचा असो की गाळाचा, मातीचा बांध दुखू लागला की खुणा बहुतेक सारख्याच दिसतात. पानशेतचं धरण आपल्याला दूर नाही. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटलं. काम पुरं झालं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीला इजा झाली आणि वरचा भराव खचला. जवानांनी पोती रचली, पण धरण राहिलं नाही. खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुण्यात पूर आला. पुढं २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या वर माणसं गेली. गळती आधीच दिसली होती, आम्ही सांगितलंही होतं, असं तिथले गावकरी म्हणाले.

म्हणून या खुणा ध्यानात ठेवा.

१. बांधाच्या पायथ्याशी नवा ओलावा किंवा झरा. पाणी गढूळ असेल, तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा.
२. माथ्यावर लांब भेग किंवा खचलेली जागा.
३. फुगलेली बाजू, कललेली झाडं.
४. माथ्याशी आलेलं पाणी, बुजलेला सांडवा.
५. उंदराखेकड्यांची बिळं.

खूण दिसली तर काय करायचं? तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. आता आपल्याला लिहिता येतं. अर्ज असा लिहा:

मा. तहसीलदार, मुळशी, मु. पौड यांस,
आमच्या गावाजवळच्या बांधाच्या पायथ्याशी दि. .... रोजी सकाळी गढूळ पाणी येताना दिसले. काल ते बोटाएवढे होते, आज मनगटाएवढे आहे. तरी ताबडतोब पाहणी व्हावी.
(सह्या)

तारीख, जागा आणि माप, या तीन गोष्टी विसरू नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर पोचेचा शिक्का घेऊन ती जपून ठेवा. पाणी एकाएकी वाढलं, तर मात्र अर्ज लिहीत बसू नका. ११२ वर फोन करा. म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन उंचावर जा. ओढ्याच्या कडेनं पळू नका, बाजूच्या चढावर चढा.

अभ्यास

१. गाळाचं धरण पाण्याच्या धरणाहून वेगळं कसं?
२. गढूळ झरा दिसला, तर काय समजावं?
३. गावाजवळचा एखादा बांध चौघांनी मिळून पाहा. काय दिसलं, ते तारीख घालून पाच ओळींत लिहा.