खळे आणि पेव : संगणकातील तात्पुरत्या फाइलींचे व्यवस्थापन



सातारा-सांगलीच्या शिवारात एके काळी खळे आणि पेव या दोन जागांना मोठे महत्त्व होते. शाळूची काढणी झाली की शेतकरी रानातच एक जागा निवडी. ती तासून, पाणी शिंपडून, चोपून घट्ट करी, शेणाने सारवी आणि मध्यभागी तिवडा रोवी. मळणी व उफणणी होऊन धान्याची रास घरी गेली की खळ्याचे कार्य संपे. त्या जागेवरून पुन्हा नांगर फिरे. याउलट सांगलीलगत, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीत खोल खणलेल्या पेवांत भरून, तोंड मातीने बंद करून दीर्घकाळ ठेवली जाई. खळे हे कामाचे ठिकाण, तर पेव हे साठवणीचे. खळ्यावर रास सोडून कोणी निश्चिंत झोपत नसे आणि पेवात कोणी मळणी करीत नसे.

संगणकाच्या कार्यप्रणालीतही असाच भेद असतो. काही फोल्डर कामापुरते असतात, काही जतनासाठी. हा भेद न जाणल्यास दोन प्रकारची हानी होते : जे हवे असते ते नाहीसे होते आणि जे नाहीसे व्हायला हवे ते मागे राहते. वसतिगृहाच्या संगणक कक्षात एकाच यंत्रावर अनेक विद्यार्थी काम करतात. म्हणून हा विषय आपल्या नित्य व्यवहाराचा आहे.

१. तात्पुरती फाइल म्हणजे काय?

एखादे कार्य चालू असताना प्रोग्रामला मधल्या टप्प्यावरील माहिती कोठेतरी ठेवावी लागते. ही माहिती ज्या फाइलीत ठेवली जाते आणि कार्य संपल्यावर जिची गरज उरत नाही, तिला तात्पुरती फाइल म्हणतात. मुद्रणाची आज्ञा दिल्यावर छपाईसाठी रांगेत थांबलेला मजकूर, नवा प्रोग्राम बसविताना सुटी केलेली सामग्री, झिप फाइल उलगडताना निर्माण होणाऱ्या प्रती, ही त्याची परिचित उदाहरणे होत.

ही पद्धत जुनी आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स कार्यप्रणालीची निर्मिती सुरू झाली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच, ‘ईडी’ हा मजकूर-संपादक ‘टीएमपी’ नावाच्या फोल्डरात आपल्या तात्पुरत्या फाइली ठेवतो, अशी नोंद आढळते. त्या काळी यंत्राची स्मृती अत्यल्प होती. संपूर्ण मजकूर तिच्यात मावत नसे. आज स्मृती विपुल झाली, तरी खळ्याची गरज संपलेली नाही.

२. तात्पुरत्या फाइलींची स्थाने

युनिक्सच्या धर्तीवर घडलेल्या लिनक्समध्ये यासाठी दोन प्रमुख फोल्डर असतात. पहिले मूळ निर्देशिकेतील ‘टीएमपी’ आणि दुसरे ‘व्हार’ या फोल्डरातील ‘टीएमपी’. लिनक्सच्या फोल्डररचनेचे जे सर्वमान्य प्रमाणक आहे, त्यात दोहोंमधील भेद स्पष्ट केलेला आहे. पहिल्या फोल्डरातील फाइल पुढच्या वेळी जागेवर असेलच, असे कोणत्याही प्रोग्रामने गृहीत धरू नये. दुसऱ्यातील फाइली मात्र संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही राहाव्यात, अशी अपेक्षा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवरच आधारलेली असल्याने तिच्यातही हीच रचना आढळते.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र ‘टेम्प’ फोल्डर असते आणि कार्यप्रणालीचे स्वतःचे आणखी एक असते. ‘रन’ या खिडकीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘टेम्प’ हा शब्द टंकित केल्यास आपले तात्पुरते फोल्डर उघडते.

३. सफाईचे नियम

तात्पुरती फाइल केव्हा पुसली जाईल, हे सर्व संगणकांवर सारखे नसते. काही लिनक्स प्रणालींत ‘टीएमपी’ फोल्डर चकतीवर नसून यंत्राच्या स्मृतीतच असते. त्यामुळे वीज गेली किंवा यंत्र बंद केले की त्यातील सर्व काही नाहीसे होते. अशा फोल्डराची कमाल मर्यादा सामान्यतः स्मृतीच्या निम्मी असते, म्हणजे ४ जीबी स्मृती असलेल्या यंत्रात सुमारे २ जीबी. ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थापक प्रणालीच्या मूळ मांडणीत पहिल्या फोल्डरातील १० दिवस न वापरलेल्या आणि दुसऱ्यातील ३० दिवस न वापरलेल्या फाइली आपोआप काढल्या जातात. हे आकडे त्या त्या लिनक्स आवृत्तीनुसार बदलू शकतात.

विंडोजमध्ये संगणक पुन्हा सुरू केल्याने ‘टेम्प’ फोल्डर आपोआप रिकामे होत नाही. त्यासाठी ‘डिस्क क्लीनअप’ किंवा विंडोज १० पासून उपलब्ध असलेली ‘स्टोरेज सेन्स’ ही सुविधा वापरावी लागते. सफाई झाली नाही तर चकती भरत जाते, यंत्र मंदावते आणि एखाद्या दिवशी निबंध सेव्ह करण्याइतकीही जागा उरत नाही.

येथे एक धोका ध्यानी घ्यावा. काही ई-मेल प्रोग्राम जोडपत्र थेट उघडताना त्याची प्रत तात्पुरत्या फोल्डरात ठेवतात. झिप फाइल न उलगडता तिच्यातील दस्तऐवज उघडला तरी बहुधा असेच घडते. विद्यार्थी त्या प्रतीत तासभर लेखन करतो, सेव्ह करतो आणि निर्धास्त होतो. वस्तुतः त्याने रास खळ्यावरच ठेवलेली असते. म्हणून असा दस्तऐवज उघडताच ‘सेव्ह ॲज’ ही आज्ञा देऊन तो प्रथम आपल्या फोल्डरात आणावा आणि मगच लेखनास प्रारंभ करावा.

४. सामायिक जागेची शिस्त

लिनक्समधील ‘टीएमपी’ फोल्डर सर्वांसाठी खुले असते; कोणीही त्यात फाइल निर्माण करू शकतो. मग एकाने दुसऱ्याची फाइल पुसू नये, याची व्यवस्था काय? त्यासाठी या फोल्डरावर ‘स्टिकी बिट’ नावाची खूण असते. त्याची परवानगी १७७७ या अंकांनी दर्शविली जाते. शेवटचे तीन ७ सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व प्रवेशाची मुभा देतात. आरंभीचा १ असा निर्बंध घालतो की, फाइल पुसण्याचा वा तिचे नाव बदलण्याचा अधिकार फाइलीच्या मालकाला, फोल्डराच्या मालकाला आणि यंत्राच्या व्यवस्थापकालाच राहील.

प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक पथ्य पाळावे. तात्पुरत्या फाइलीला ‘यादी’ किंवा ‘निकाल’ असे सहज ओळखता येणारे नाव देऊ नये. दुष्ट हेतूचा वापरकर्ता त्याच नावाचा दुवा आधीच तेथे ठेवून तो दुसऱ्या महत्त्वाच्या फाइलीकडे वळवू शकतो. मग आपला प्रोग्राम नकळत तीच फाइल नष्ट करतो. २०१२ पासून लिनक्सच्या गाभ्यात या हल्ल्याविरुद्ध संरक्षण उपलब्ध आहे. तरीही योग्य मार्ग ‘एमके-टेम्प’ या आज्ञेचा होय. ही आज्ञा अंदाज न करता येणाऱ्या नावाची फाइल निर्माण करते आणि ती वाचण्याचा व लिहिण्याचा अधिकार केवळ निर्मात्याला देते. तिलाच ‘डी’ हा पर्याय जोडल्यास खासगी फोल्डर मिळते. शेल प्रोग्रामच्या आरंभीच ‘ट्रॅप’ या आज्ञेने सफाईची तजवीज करून ठेवली, तर कार्य मध्येच थांबविले गेले तरी मागे सहसा कचरा उरत नाही. ज्याने खळे मांडले त्यानेच ते मोडावे, हा नियम येथेही लागू पडतो.

५. दाखल्यांच्या प्रती

शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यार्थी आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक यांच्या प्रती संगणकावर घेतात. हे काम पुष्कळदा सेवा केंद्रातील किंवा संगणक कक्षातील सामायिक यंत्रावर होते. अर्ज दाखल झाला, पावती मिळाली आणि विद्यार्थी निघून गेला. परंतु त्या प्रती ‘डाउनलोड्स’ फोल्डरात, ‘टेम्प’ फोल्डरात किंवा ‘रीसायकल बिन’मध्ये राहू शकतात. ‘डाउनलोड्स’ हे तात्पुरते फोल्डर नव्हे. विंडोजच्या मूळ मांडणीत ते आपोआप रिकामे केले जात नाही. त्यानंतर त्या खुर्चीवर बसणारी कोणतीही व्यक्ती कुटुंबाचे उत्पन्न, पत्ता आणि खाते क्रमांक वाचू शकते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानेही उद्देश पूर्ण झाल्यावर वैयक्तिक माहिती पुसून टाकावी, हे तत्त्व स्वीकारले आहे. कायद्याची अंमलबजावणी संस्थांनी करावयाची आहे. परंतु आपल्या प्रती काढून घेण्याची सवय आपणच लावून घ्यावयाची आहे. मोठ्या कष्टाने मिळविलेले हे दाखले परक्या यंत्रावर बेवारस पडू देणे योग्य नव्हे.

६. पाळावयाचे नियम

(१) काम सुरू करण्यापूर्वी आपल्या नावाचे फोल्डर तयार करावे व पहिल्या ओळीनंतरच फाइल तेथे सेव्ह करावी.
(२) तात्पुरत्या फोल्डरातील फाइली पुसण्यापूर्वी सर्व प्रोग्राम बंद करावेत आणि आपली एखादी फाइल तेथे अडकलेली नाही ना, हे पाहावे.
(३) तात्पुरते फोल्डर स्वतः पुसू नये. केवळ त्यातील अनावश्यक फाइली काढाव्यात.
(४) सामायिक यंत्रावरून उठण्यापूर्वी आपल्या दाखल्यांच्या प्रती ‘डाउनलोड्स’ व ‘टेम्प’मधून काढाव्यात, ‘रीसायकल बिन’ रिकामे करावे आणि सर्व खात्यांतून बाहेर पडावे.
(५) महत्त्वाच्या फाइलीची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवावी. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचीही मोठी हानी झाली. पक्के साठवणस्थानदेखील एकटे पुरेसे नसते, हा त्याचा बोध.

तात्पर्य, संगणकावर फाइल निर्माण करताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : ही खळ्यावरची की पेवातली? खळ्यावरची असेल तर काम संपताच ती काढून टाकावी. पेवातली असेल तर आजच तिला तिच्या जागी पोहोचवावे.

स्वाध्याय

१. तात्पुरत्या फाइली निर्माण होण्याची तीन कारणे सांगा.
२. लिनक्समधील दोन तात्पुरत्या फोल्डरांतील भेद स्पष्ट करा.
३. १७७७ या परवानगीतील पहिल्या अंकाचे कार्य कोणते?
४. आपल्या कक्षातील एका संगणकाचे ‘टेम्प’ व ‘डाउनलोड्स’ फोल्डर शिक्षकांच्या उपस्थितीत तपासा आणि सफाईपूर्वी व सफाईनंतर चकतीवरील मोकळी जागा किती होती, याची नोंद वहीत करा.