कीबोर्ड चांगलाच होता

चौदाशे रुपये गेले, अकोला-अमरावतीची एक अख्खी वारी झाली, आणि कीबोर्ड पहिल्यापासून चांगलाच होता.

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+स्पेस दाबलं की सूचनांची यादी उघडते. माझ्याकडे ती उघडेना. लॅपटॉप अमरावतीचा, म्हणून तिथेच नेला. दुरुस्तीवाल्याने बघितल्यासारखं केलं आणि स्पेसबार गेला म्हणून सांगितलं. त्याच स्पेसबारने मी त्याच्यासमोर पूर्ण ओळ टाइप केली. त्याने मान वर केली नाही. नवा कीबोर्ड बसवला, तरी तेच. मग लिनक्स मिंट नव्याने टाकलं. दुकानात यादी उघडली. पैसे देऊन मी बडनेऱ्याहून गाडी धरली.

घरी मराठी टायपिंगसाठी एफसिटिक्स परत टाकलं आणि यादी पुन्हा गायब. फोन केला, तर म्हणतो, "ताई, तुमीच काईतरी केलं असन." ते वाक्य अजून टोचतं.

त्याच रात्री कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू केलं. दाबलेली प्रत्येक कळ आउटपुटमध्ये नोंदली जाऊ लागली. कंट्रोल+स्पेस दाबलं. कंट्रोलची नोंद आली, स्पेसची आलीच नाही. तीनदा दाबून पाहिलं. कळ व्हीएस कोडपर्यंत पोचतच नव्हती! भाषा बदलायला एफसिटिक्सही मुळात हीच जोडी वापरतं. ते ती वाटेतच उचलत होतं. त्याच्या सेटिंगमध्ये जोडी बदलली. दोन मिनिटांचं काम.

म्हणून सांगते:

- आधी ही नोंद पाहा. नोंदच नसेल, तर कळ बाहेरचं कोणीतरी पळवतंय. नोंद येऊन भलतंच काम होत असेल, तर भांडण आतलं आहे: कंट्रोल+के, मग कंट्रोल+एस दाबा. उघडणाऱ्या शॉर्टकट्सच्या यादीत एकाच जोडीवर दोन कामं बसलेली सापडतील. नंतर टाकलेली एक्स्टेन्शन्स आधी तपासा.
- पायचार्मवाल्यांनो, कोड नीट मांडायची कंट्रोल+ऑल्ट+एल ही जोडी मिंटच्या सिनॅमनमध्ये स्क्रीन लॉक करते. दोन्हींपैकी एक बदला.
- ‘कीबाइंडिंग्ज डॉट जेसन’ फाइलची प्रत ठेवा. नव्याने सिस्टीम टाकताना माझी गेली.
- पावती घ्या. बॅकअप घ्या.

आणि दुकानदाराने "नवीन काय टाकलं?" एवढं तरी विचारावं. मला ते कोणी विचारलं नाही; निदान तुम्ही स्वतःला विचारा.